बिरूमामांचा कान

माझं काम असं आहे की मी रोज पंधरा-वीस लोकांच्या घरात शिरतो आणि त्यांतल्या एकाचंही तोंड बघत नाही. पुण्यातल्या एका कंपनीत बसून मी परदेशातल्या माणसांचे बिघडलेले कंप्युटर दुरुस्त करतो. त्यांनी तिकडे परवानगीचं बटण दाबलं की त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर उमटतो आणि त्यांचा बाण माझ्या हातानं फिरायला लागतो. ह्याला रिमोट म्हणतात. काम झालं की मी आलो तसा जातो. कुणी बसा म्हणत नाही, कुणी पाणी विचारत नाही. इतक्या वर्षांत ह्या कामात मला चहा मिळाला तो एकाच घरात, सोलापूरला, बिरूमामांच्या.

बिरूमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. उंच, काटक, पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी, आणि मान कायम डावीकडे कललेली. नवख्या माणसाला वाटायचं की मान आखडली असेल. एका डॉक्टरांनी तर न विचारता गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण मान ठणठणीत होती. मामांचा उजवा कान चांगला होता आणि तो त्यांनी जगाकडे वळवून ठेवला होता, एवढंच.

मामा जॉबर होते. यंत्रमागाच्या कारखान्यात माग चालवतो तो विणकर, आणि माग रुसला की त्याची समजूत काढतो तो जॉबर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी काढणाऱ्या एका शेडमध्ये मामांनी अडतीस वर्षं मागांच्या समजुती काढल्या. घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. मामा पहिलेच शहरात आले. त्याबद्दल कुणी काही म्हटलं की ते सांगायचे, "आमच्या बाला अंदारात नुस्त्या खोकल्यावरनं मेंढरू कळायचं. मला खडखडीवरनं माग कळतो. इद्या तीच हाय, जनावर बदाललं."

आता ह्या विद्येतली गंमत अशी की मामा बहिरे होते. ठार नव्हे, पण निवडक. अडतीस वर्षं चोवीस मागांच्या खडखडाटात काढल्यावर माणसाचा आवाज त्यांच्या कानात शिरेनासा झाला होता. शेडमधली सगळीच माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. मामाही तेच करायचे. समोर उभं राहिलात तर तुमचं सगळं कळायचं. पाठीमागून तोफ डागलीत तरी काही नाही. पण यंत्राची गोष्ट निराळी. शालनमामी दोन हातांवरून "आवं, कोथिंबीर आना की" म्हणून चारदा सांगायची, मामा ढिम्म. आणि त्याच वेळी शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज ऐकून म्हणायचे, "पात्याची बुशी झिजली त्येंची. सांगून येतो." आणि खरंच उठून जायचे. शेजाऱ्यांना त्याचा राग यायचा, कारण दोनच दिवसांत मिक्सर बंद पडायचा आणि मग त्यांना वाटायचं की मामांची नजर लागली.

मामीचं लग्नही ह्याच कानामुळे झालं. मामीच्या वडलांची मंगळवेढ्याकडे पिठाची गिरणी होती. मामा मुलगी बघायला गेले, कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि हा गडी खिडकीकडे मान कलती करून बसलेला. मुलीचं नाव विचारा म्हटलं तर म्हणाला, "गिरन बंद करा आदी. बेरिंग गेलंय." सासऱ्यांनी गिरणी उघडली, बेरिंग खरंच गेलं होतं, आणखी तासभर चालली असती तर पट्टा तुटून कुणाचा तरी हात गेला असता. सासऱ्यांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली. मामी हे सांगताना अजूनही फणकारते. "मला बगितलंच न्हाय ओ ह्येंनी. गिरनीसंगं लगीन लावलं न्हाय हेच नशीब!"

मामा निवृत्त झाले तरी शेड सुटली नाही. शेडचे मालक नरसय्याअण्णा. ते तेलुगू घरातले, मामांच्याच वयाचे. अण्णांकडे नवे माग घेण्याइतकी ऐपत नव्हती आणि जुन्या मागांचे कुळाचार नव्या जॉबरना माहीत नव्हते. म्हणून मामा रोज सकाळी दहाला जायचे, शेडमधून दोन फेऱ्या मारायचे, "सात नंबर बगा, सतरा नंबर बगा" असं सांगायचे, अण्णांबरोबर चहा घ्यायचे आणि बाराला घरी. त्या दोन फेऱ्या म्हणजे मामांचं देवदर्शन होतं. माझा मामेभाऊ दत्ता बेंगळुरूला असतो, तो कायम मागे लागलेला की आता बास करा. मामांचं त्यावर एकच उत्तर होतं. "जवर कान हाय तवर जानार. कान खोटा बोलाय लागला की त्या दिवशी बंद. चुकीचा माग थांबिवला तर इनकराचा रोज बुडतो. तसलं पाप नगं."

त्यांना घरात गुंतवावं म्हणून दत्तानं आपला जुना कंप्युटर आणून दिला. मोठा डबा, मोठा पडदा, जुन्या पद्धतीचा. मामांना त्याचं काय सोयरसुतक, असं आम्हाला वाटलं होतं. पण आठवडाभरात त्यांना एक खजिना सापडला. जगभरातल्या कारखान्यांमध्ये माग चालतानाचे व्हिडिओ. जर्मनीतले, जपानमधले, कुठकुठले. मामा आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ते ऐकत बसायचे. बघायचे कमी, ऐकायचे जास्त. मग मला व्हिडिओ कॉल. "त्यो जर्मनीचा माग हाय न्हवं, निळ्या रंगाचा, त्याची डावी बाजू ढिली हाय. त्येंना कळीव." मी म्हणालो, मामा, तो व्हिडिओ सहा वर्षांपूर्वीचा आहे. मामा म्हणाले, "मग तर लईच ढिली झाली आसंल. आजच कळीव." शेवटी मी त्या व्हिडिओखाली इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मामा महिनाभर विचारत होते की त्या जर्मन माणसाचं काय उत्तर आलं. उत्तर आलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "आकडू दिसतोय. जाऊंदे. बंद पडल्यावर कळंल."

ह्या कंप्युटरनं पहिल्या उन्हाळ्यात मान टाकली. एक व्हिडिओ उघडायचा तर मामांची आंघोळ होऊन यायची. मामा त्याच्यावर चिडले नाहीत. त्यांच्या शेडमध्ये अक्कलकोटचे कानडी विणकर पुष्कळ, त्यांचा 'स्वल्प तडी' हा शब्द मामांनी घेतला होता, म्हणजे जरा थांब. कंप्युटर अडकला की ते त्याच्या डब्यावर हात ठेवून म्हणायचे, "स्वल्प तडी, स्वल्प तडी," आणि स्वतःच थांबायचे. पण किती थांबणार? शेवटी मला फोन आला. मी म्हटलं, मामा, मी इथूनच बघतो.

पहिल्या रिमोटचा सोहळा मी विसरणार नाही. व्हिडिओ कॉल लावणं भाग होतं, कारण मामांना माझे ओठ दिसले पाहिजेत. "तोंड दाव, तोंड. कपाळ काय दावतोस?" म्हणून मी फोन दातांच्या डॉक्टरला दाखवावा तसा तोंडासमोर धरून बसलो. त्यांच्या बाजूनं मला दिसत होता फक्त त्यांचा उजवा कान. कारण फोन म्हटला की तो कानाला लावायचा, हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक. मध्येच ओठ वाचायला ते फोन समोर घेत, वाचून झालं की पुन्हा कानाला. अशा रीतीनं त्यांनी तो रिमोटचा कार्यक्रम कंप्युटरवर उतरवून घेतला, आकडा वाचून दाखवला, आणि त्यांच्या पडद्यावर चौकट आली की अमुक माणूस आत येऊ इच्छितो, परवानगी आहे का?

मामा थबकले. "शालन," त्यांनी आत हाक मारली, "भाचा दारात हाय. पानी आन."

मामी खरोखर तांब्या घेऊन आली. मग मामांनी बटण दाबलं, मी आत गेलो, बाण आपोआप हलायला लागला. मामांनी माऊसवरचा हात झटकन काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मामी म्हणाली, "आला व्हय? पयल्यांदाच आलाय की हो." आणि तिनं पडद्याच्या वरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. ते बोट तिथंच होतं, मी पुढं प्रत्यक्ष पाहिलं. मग चहा झाला. माझा कप पडद्यासमोर ठेवला गेला. पाच मिनिटं वाट बघून तो मामांनी पिऊन टाकला आणि मला म्हणाले, "गार झाला आस्ता. तुझ्या वाटचा मी घेटला." हा पायंडाच पडला. मी जितक्या वेळा जाई तितक्या वेळा मामांना दोन कप चहा मिळे. पुढंपुढं मला शंका यायला लागली की कंप्युटर बिघडतो त्याचं हे एक कारण असावं.

एकदा माझं नेट तुटलं आणि मी मधेच नाहीसा झालो. फोन आला तो मामीचा. "न सांगता उटून गेलास म्हनं. ह्येंना लई लागलंय. काय चुकलं का आमचं?" तेव्हापासून मी रिमोट बंद करताना फोनवर "येतो मामा" म्हणायला लागलो. ऑफिसात सवयीनं एकदा एका परदेशी बाईलाही "येतो हं" म्हणालो.

तर, कंप्युटर. पहिल्या वेळी मी नको ते कार्यक्रम काढले. दुसऱ्या वेळी साठलेला कचरा पुसला. तिसऱ्या वेळी विषाणू शोधले, ते नव्हते. दरवेळी मामा सांगायचे, "सकाळी बरा आस्तो. दुपारी धापा टाकतो." हे वाक्य कुणी शहाण्या माणसानं नीट ऐकलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मी शहाणा नव्हतो, मी तज्ज्ञ होतो. आणि दरवेळी मामा आणखी एक गोष्ट विचारायचे. "ह्येच्या पोटातला पंका घासतोय. बारीक आवाज हाय. तुला येतोय का ऐकाय?"

मी म्हणायचो, "मामा, रिमोटमध्ये पंख्याचा आवाज येत नाही."

"मग तू बगतोस कसं?"

"पडद्यावर सगळं दिसतं."

मामा फोन पुन्हा कानाला लावायचे. ज्याला माग दिसतो पण ऐकू येत नाही अशा जॉबरला त्यांनी शेडच्या दारातही उभं केलं नसतं. पण भाचा होता. मामीला मी फोनवर विचारलं की मामी, तुला येतो का आवाज? मामी म्हणाली, "मला बया काय कळतंय. माजं निम्मं ध्यान चुलीकडं. ह्येंना रात्रंदिस कायबी ऐकू येतंय." दत्तानंही सांगितलं की बाबांच्या कानात आता घुंई घुंई होतं, वयच झालं. मीही तेच धरून चाललो.

पाचव्या की सहाव्या वेळी मी घाईत होतो. दुपारची वेळ, माझ्यामागे साहेब उभे, समोर दुसऱ्या माणसाचं काम खोळंबलेलं. मी मामांच्या कंप्युटरवर उगाच एक काळी खिडकी उघडली. तिच्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभरा धावतात. काही उपयोग नसतो, पण बघणाऱ्याला भारी वाटतं. ती बंद केली आणि म्हणालो, "झालं मामा. आवाजपण गेला बघा. मी इथून तपासलं. आता बिलकूल आवाज नाही."

मामांनी फोन कानापासून समोर घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "न्हाय आवाज?"

"अजिबात नाही."

"तू नीट बगितलंस?"

"बघितलं मामा. खात्रीनं सांगतो."

मामा म्हणाले, "बरं." एवढंच. त्या दिवशी चहाचं कुणी काही बोललं नाही. मी "येतो मामा" म्हटलं आणि गेलो. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मला बरं वाटलं. काम चोख झालं असंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन महिन्यांनी मामीचा फोन आला. कंप्युटरबद्दल नव्हता. म्हणाली, "आरं, तुजे मामा शेडवर जात न्हाईत. दोन म्हैनं झालं. अन्ना दोनदा येऊन गेलं. म्हनत्यात, माजा कान खोटा बोलाय लागला. घरात बसून ऱ्हात्यात. टोपीबी घालत न्हाईत."

"कान खोटा बोलतो म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"काय की बाबा. त्या कंप्युटरम्होरं बसत्यात, कान लावत्यात, मान हलिवत्यात आन् उटत्यात. इचारलं तर म्हनत्यात, भाच्यानं मशिन लावून तपासलंय, आवाज न्हाय म्हून. आन् मला तर येतोय. म्हंजे माजाच कान गेला."

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तिथंच पायरीवर बसलो. आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो आहे, पण एवढं स्वस्तातलं, एवढं आळशी खोटं कधी इतक्या खोल गेलं नव्हतं. मला फार लाज वाटली. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून मी शनिवारी सकाळी सोलापूर गाठलं.

दार मामीनं उघडलं. मामा पलंगावर बसले होते, डोकं उघडं. इतक्या वर्षांत मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं. मला बघून हसले, "आरं, आज खराखुरा आलास की! शालन, दोन कप टाक." मान सरळ होती. डावीकडे कललेली नव्हती. ते मला टकलापेक्षाही जास्त खुपलं.

मी कंप्युटरच्या खोलीत गेलो. टेबलावर पडदा होता, त्याच्यावर सुकलेल्या कुंकवाचं बोट होतं. पण खालचा डबा दिसेना. डब्याच्या जागी एक चादर बसली होती. नवी कोरी सोलापुरी चादर, लाल-हिरवी, मोर काढलेली, चारी बाजूंनी घट्ट लपेटून पाठीमागं गाठ मारलेली. पुढं बटणापुरतं भोक.

"मामा, हे काय?"

"चादर." मामांना प्रश्नच कळला नाही. "अन्नांनी दिली. पयल्या घान्यातली. दत्तानं एवढी म्हागाची वस्तू दिली, तिला काय उगडी ठिवायची? धूळ बसंल."

सोलापुरात मानाच्या पाहुण्याला चादर देतात. मामांनी कंप्युटरचा सत्कार केला होता, आणि सत्कार झालेल्या माणसाप्रमाणे तो बिचारा गेलं वर्षभर घामानं निथळत बसला होता. परदेशातल्या हजारो लोकांचे कंप्युटर मी तपासले, पण त्यातल्या कुणीही त्याला चादर पांघरवली नव्हती. म्हणून त्याला आतून किती ताप आहे हे बघायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. पडद्यावर सगळं दिसतं म्हणालो होतो मी.

गाठ सोडली, डबा उघडला आणि कंप्युटर सुरू केला. आत जे होतं त्याला धूळ म्हणणं अपमान झाला असता. नव्या चादरीचा कापूस सुटतो. तो वर्षभर आत ओढला जाऊन पंख्याभोवती त्याची चांगली जाड गादी झाली होती, लाल-हिरवी. पंखा त्या गादीतून कसाबसा फिरत होता आणि एका बाजूला झुकून कडेला घासत होता. मी वाकून कान लावला. फार बारीक आवाज होता. शांत खोलीत, डबा उघडा असताना, पंख्यापासून वीतभर अंतरावर मला जेमतेम ऐकू आला. तो मामांनी बंद डब्यातून, चादरीतून, पलीकडे बसून ऐकला होता.

मी कंप्युटर बंद केला, मामांना हाताला धरून आणलं आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो, ओठ दिसतील असा.

"मामा, आवाज होता."

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "कवापासनं?"

"पहिल्यापासून. तुम्ही सांगत होता तेव्हापासून."

"तू तर म्हनला हुतास न्हाय म्हून. तपासलं म्हून."

"खोटं बोललो. घाईत होतो. इथून आवाज ऐकायची सोयच नाही मामा. मी काहीच तपासलं नव्हतं."

माझी मान खाली गेली, तर मामांनी हनुवटी धरून ती वर केली. प्रेमानं नव्हे. ओठ दिसत नव्हते म्हणून. "परत बोल," म्हणाले. मी परत बोललो. सगळं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ते सांगणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.

मला वाटलं होतं ओरडतील. मामा वाकले, पंख्याभोवतीची ती गादी दोन बोटांनी उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी मिशीत, मग खांद्यात, मग इतकं की मामी चहा तसाच टाकून आली. "शालन, बग. जल्मभर शेडमदला कापूस झाडला, हवा मारमारून. इनकरांना शिव्या घाटल्या, मागात कापूस दिसला तर. आन् घरात म्याच भरला की गं! स्वताच्या हातानं गाट मारून!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग मला म्हणाले, "गाडवा. दोन म्हैनं घरात बसिवलंस मला." त्यात राग होता, आणि तो मला पुरला.

पंखा साफ करायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. खाटेखालून आपली पत्र्याची पेटी ओढली, दाढीच्या ब्रशनं पंखा झाडला, एक पातळ चकती कापून अशी काही बसवली की पंखा सरळ झाला. मग डबा लावून कंप्युटर सुरू केला. कान लावला. मान आपोआप डावीकडे गेली. "आता गप हाय," म्हणाले. मी काही तपासलं नाही. विचारलंही नाही.

चादर मामीनं धुवायला घेतली. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, साडेनऊ वाजले होते. ते आत गेले, टोपी घालून बाहेर आले आणि चपला शोधू लागले. चहाचे दोन्ही कप तसेच होते. त्या दिवशी दोन्ही मी प्यालो.

माझी परतीची गाडी दुपारची होती. दोन फेऱ्या बघून निघतो म्हणून मी मामांबरोबर रिक्षानं शेडपर्यंत गेलो आणि रिक्षा थांबवून ठेवली. दारात नरसय्याअण्णा उभे होते. त्यांनी मामांना बघितलं आणि ते बाजूला झाले. मी दारातच थांबलो. आत खडखडाट असा की छातीची फासळी न् फासळी थरथरत होती. मामा हात पाठीशी बांधून, मान कलती करून दोन रांगांच्या मधून चालू लागले. विणकर त्यांना बघून हात वर करत होते, कुणी हसत होते. मामांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. सहावा माग ओलांडला, आठवा ओलांडला. दहाव्याशी थांबले. एक पाऊल मागं आले, नवव्यासमोर. त्या गदारोळात मला तर माझा खोकलाही ऐकू आला नसता.

मामांनी हात वर केला. विणकरानं माग थांबवला, जरा नाखुशीनं, कारण त्याचं कापड चांगलं निघत होतं. मामा खाली वाकले, मागाच्या आत कोपरापर्यंत हात घातला आणि चामड्याचा एक पट्टा बाहेर ओढला. तो मधोमध फाटत आला होता, दोन धाग्यांवर तगून होता. त्यांनी तो विणकराच्या तळहातावर ठेवला. विणकरानं पट्ट्याकडे बघितलं, मग मामांकडे, आणि पट्टा कपाळाला लावला. मामा तोवर पुढं गेले होते.

मामांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं, पाठमोरे. रिक्षावाला घाई करत होता. मी दारातून हाक मारली, "मामा, येतो!" पुन्हा मारली. तिसऱ्यांदा घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "मामा, येतो हो!" ते बाराव्या मागाशी कान देऊन उभे होते. तेव्हा अण्णांनी माझा खांदा धरून मला जवळ ओढलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं,

"कशाला ओरडता ओ! त्यांना ऐकू येत न्हाय!"